हाकेला ओ

“आहेस का?” चष्मेवाल्याने धावता धावताच मागे हाक टाकली.

पावसात टेकडी चढताना दोघांचा तसा नियमच होता. दर वळणावर पुढच्याने हाक द्यायची, मागच्याने “आहे!” म्हणून ओ द्यायची. ओ आली नाही, तर पुढच्याने मागे फिरायचं. सहा वर्षं दर रविवारी पुढे पोस्टमन आणि मागे चष्मेवाला. साऱ्या गावाला नंबर काढून देणारा हा माणूस पावसात स्वतःचा चष्मा खिशात घालायचा आणि पोस्टमनच्या पिवळ्या टीशर्टच्या रोखाने पळायचा. वरच्या पाण्याच्या टाकीला जो आधी हात लावेल, त्याने दगडाने भिंतीवर आपल्या नावाखाली रेघ मारायची. पोस्टमनच्या रेघांचं एव्हाना कुंपण झालं होतं. शेजारी ठळक अक्षरात ‘चष्मे’ आणि त्याखाली स्वच्छ भिंत. इथे दुकान कधी उघडताय, असं टाकीच्या वॉचमनने एकदा विचारलंही होतं.

आज मात्र दुसऱ्या वळणावर पोस्टमन बुटाची नाडी बांधायला वाकला. “हो पुढे, गाठतोच तुला,” म्हणाला. चष्मेवाला पुढे झाला तो झालाच. तिसरं वळण पार केलं आणि मागे काहीतरी सरकलं, खडी घरंगळली, “आई गं” असंही कुणीतरी म्हणालं.

म्हणून चौथ्या वळणावर त्याने ही हाक दिली होती. ओ आली नाही.

चष्मेवाला जागच्या जागी पळत राहिला. थांबला असं नको व्हायला. टाकी शंभर पावलांवर होती. न दिसण्याचं कारण त्याच्या खिशातच होतं. न ऐकण्याचं कुठून आणायचं? त्याने घसा खाकरला, आवाज जरा जाड केला आणि स्वतःच ओरडला, “आहे!”

ओ आली म्हटल्यावर नियमाप्रमाणे पुढे जाणं भागच होतं.

टाकीला हात लावून त्याने रेघ मारली. खिशातून चष्मा काढून, पुसून, डोळ्यांवर चढवून नीट पाहिली. जरा तिरकी आली होती. वॉचमनची खोली बंद होती. शाबासकी द्यायला आसपास चिटपाखरू नव्हतं. मग तो खाली असा सुटला, की चढताना तसा पळाला असता तर गेल्या सहा वर्षांत भिंत पुरली नसती.

पोस्टमन तिसऱ्या वळणापाशी, गटाराच्या कठड्यावर बसला होता. एक बूट हातात आणि घोटा सुजून बटाट्याएवढा.

“अरे! काय झालं हे?” चष्मेवाला म्हणाला. “मला वाटलं, मागेच आहेस. तू ओ दिलीस ना मघाशी?”

“मी?”

“म्हणजे... आवाज आला तसा.”

“हो, मीही ऐकला.” पोस्टमनने बूट उलटा करून पाणी ओतलं. “ओरडायला तोंड उघडलंच होतं मी. म्हटलं, दिलीय कुणीतरी, आपण कशाला पुन्हा.”

चष्मेवाल्याने त्याच्या घोट्याकडे पाहिलं. तेवढीच एक जागा होती पाहण्यासारखी.

“रेघ मारलीस?”

“मारली.”

“बरं केलंस. भिंत ओकीबोकी दिसायची.”

चष्मेवाल्याने पाठ वाकवली. पोस्टमन वरून दिसतो त्यापेक्षा बराच जड निघाला.

पहिल्या वळणावर छत्री घेऊन चढणाऱ्या एक काकू भेटल्या. “अगंबाई! पडला की काय हा?”

“पाय मुरगळला, काकू,” पोस्टमन पाठीवरून म्हणाला. “हा पार टाकीपर्यंत पोचला होता. तिथून मागे आला माझ्यासाठी.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

“सख्खा भाऊ करत नाही रे एवढं!” काकूंनी पिशवीतून मोबाइल काढला. “थांबा दोघं. माझे दोन मुलगे, तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोघांनाही पाठवते. बघू दे म्हणावं, माणसं कशी असतात. हसा.”

“काकू, फोटो नको,” चष्मेवाला म्हणाला.

“लाजतोय तो,” पोस्टमन म्हणाला आणि त्याच्या खांद्यावरून तोंडभर हसला.

काकूंनी फोटो काढला, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

“हा छान आलाय. तू मात्र खालीच बघतोयस. पुन्हा काढते.” त्या जवळ आल्या, छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत उभ्या राहिल्या.

“वर बघ की रे, बाळा.”