मोरीचं तेल

मेकॅनिकचा हात लागला की गाडी बाटते, असं बस्त्याव मास्तरांचं मत. मोटारसायकलच्या साखळीला होडीला लावतात ते मोरी माशाचं तेलच चांगलं, हेही त्यांचंच मत. त्यांची बायको रेजिना नाक धरून म्हणायची, "गाडी न्हय ती, सुक्या म्हावऱ्याची पाटी आसा!"

आठ दिवस तिचा ताप उतरत नव्हता. आज चार वाजता तिला कुडाळच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि कोरडी साखळी चढणीला तुटली असती.

सकाळी मास्तरांनी पडवीत गाडीची साखळी तेलाने माखली. पेज जेवून आले तर तेल गायब, वर चिकट लाळ. "मेली मांजरां!" म्हणत त्यांनी लाळ पुसली, साखळी पुन्हा माखली आणि घरातली दोन्ही मांजरं खोलीत कोंडली. तासाभराने पुन्हा लाळ, या खेपेला दोऱ्यांसारखी लोंबणारी. मास्तरांनी नाक धरून तीही पुसली.

तीन वाजता त्यांनी पडवीच्या दाराला कडी घातली, उरलेलं तेल बोटांनीच साखळीला चोळलं आणि समोर स्टुलावर बसले.

"झालां काय ओ?" आतून रेजिनाने विचारलं.

"झालां. आता बघतंय, कोण येता तां!"

कोणी आलं नाही. तरी चाटल्याचा आवाज सुरू झाला, सावकाश, मिटक्या मारत. मास्तरांनी वाकून पाहिलं. साखळी तेलाने तशीच चमकत होती.

मग मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या तेलकट बोटांवरून एक ओली, खरखरीत जीभ फिरली.