चोचीचा हातमोजा

पाखरांसाठी उभा जन्म वेचून आमच्या पक्षी-केंद्राच्या बाई गेल्या, आणि फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसला. "फार मोठं काम केलं हो त्यांनी," असं जो तो म्हणत होता. इकडे सारसाचं अनाथ पिल्लू मात्र तेव्हापासून धड खात नव्हतं. माणसाचा लळा लागलेलं पाखरू रानात टिकत नाही, म्हणून भरवायला आत एका वेळी एकच जण जायचा. अंगभर करडा झगा, हातात सारसाच्या चोचीचा हातमोजा, आणि तोंडातून अवाक्षर नाही. झग्यातलं माणूस बदललं तरी पिल्लाला कळता कामा नये, हा बाईंचाच नियम. याला कळलं होतं. बाईंची मुलगी आली तेव्हा मी दमून पायरीवरच बसलो होतो. "मी बघू का भरवून?" तिने विचारलं. म्हटलं, "बघा. पण रडू आलं तर फाटकाबाहेर जाऊन रडा." तिने आईचा झगा चढवला. मी फटीतून पाहत होतो. तिने चोच वाटीच्या काठावर दोनदा वाजवली, मनगट जरा तिरकं केलं आणि घास पुढे धरला. पिल्लू धावत आलं आणि खातच सुटलं. ती बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" "कोणी नाही," ती कुजबुजली, "आई मला असंच भरवायची." मग ओठ घट्ट मिटून ती फाटकापर्यंत चालत गेली, बाहेर पडली, आणि मगच तिने हंबरडा फोडला.