बादलीतला मासा

घरातल्या काचेच्या टाकीत बाकीच्या माशांना टोचणारा एंजल मासा धनेशनं जाळीनं उचलून बादलीत टाकला. "आठ दिवस इथंच राहू दे," तो आईला म्हणाला. "तोवर टाकीतले दगड हलवतो, नवा मासा सोडतो. परत गेल्यावर याला आपला कोपराच सापडत नाही. मग गपगुमान राहतो." जन्मभर करंज्याच्या बंदरावर मासळी विकलेल्या शांतीला पोराचं कौतुक वाटलं. महिन्याभरानं त्यानंच आग्रह करून तिला लेकीकडे धाडलं. आठ दिवसांनी ती नवऱ्याची होडी विकून घेतलेल्या नवीन पनवेलच्या फ्लॅटवर परतली. तिच्या खोलीतलं कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं होतं. खिडकीजवळच्या तिच्या कोपऱ्यात नव्या पलंगावर सुनेची आई बसली होती. शांतीची खाट गॅलरीत, वॉशिंग मशीनला टेकवलेली. धनेश टाकीत दाणे टाकत राहिला. शांतीनं पिशवी खाली ठेवलीच नाही. "आठ दिवस मना बादलीत ठेवलंस व्हय रं?"