बैलाविना रहाट

कुवेतच्या तेलकंपनीत लागलेल्या थोरल्या लेकाने विहिरीवर डिझेलचं इंजिन बसवून दिलं, तेव्हा पापडी गावच्या इनासने पाणी उपसणाऱ्या रहाटाचा बैल विकून टाकला. पुढे अरबांनी तेलाचे भाव चढवले आणि पंपावर डिझेल मिळेनासं झालं. आजही वसईहून इनास रिकामा डबा घेऊन परतला. वाडीत पानवेली माना टाकत होत्या. "पोरगा तिथं तेलात लोळतोय, आणि बापाला बाटलीभर डिझेल मिळू नये!" चरफडत डबा भिरकावून त्याने जुन्या रहाटाच्या दांड्याला स्वतःच छाती लावली. कुरकुरत गाडगी वर आली, पाटात पाणी धावलं. पण चार फेऱ्यांतच गरगरून तो मटकन बसला. बायको गोठ्यात गेली आणि बैलाच्या डोळ्यांवरची झापडं घेऊन आली. "अहो, घेरी येऊ नये म्हणूनच बैलाला लावायचो ना?" इनासने वेलींकडे पाहिलं आणि मान पुढे केली.