एकच झाकण

फाटकासमोरच्या उघड्या चेंबरवर अखेर झाकण बसलं आणि खिडकीतून बघणाऱ्या मृण्मयीचा जीव भांड्यात पडला. मागे तिची नुकती चालायला लागलेली लेक शिट्टीचे बूट वाजवत घरभर हिंडत होती.

मुकादमानं झाकणाचा फोटो काढला. मग माणसांनी ते उचलून पुन्हा टेम्पोत टाकलं.

"अहो दादा, नेताय कुठे?"

"पुढच्या गल्लीत, ताई. झाकण एकच आहे, फोटो सगळीकडचे लागतात. मंत्रालयातून मार्क मिळणारेत. आपलं शहर राज्यात पहिलं आणायचंय!"

"आणि इथं लेकरू पडलं तर?"

"परत तक्रार करा, परत येतो की!"

टेम्पो हलताच मोबाइल वाजला : 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' मृण्मयी रागानं ते वाचत राहिली.

घरातली शिट्टी थांबली होती. आता ती फाटकाबाहेर वाजत होती.