पोफळीवरची झोळी

सायकलच्या ब्रेकपासून घरीच केलेला चाप पोफळीला वर बांधलेल्या दोरावर सरकवत शेवंता सुपारी काढायला शेंड्याला पोचली. दोर ताठ राहावा म्हणून खालच्या टोकाला तिने नेहमीसारखी लेकीची झोळी टांगली होती, जमिनीपासून हातभर वर. कालच बागेत वाढीचं नवं औषध फवारलं होतं.

"शेवंता, पोरगी वर चालली गो!" सासू खालून किंचाळली.

शेवंताने वाकून पाहिलं. झोळी सासूच्या उंचावलेल्या हातांच्या वर गेली, मग घराच्या कौलांच्याही. झाड दोघींना घेऊन सरसर वाढत होतं. उतरायचं तर चाप उलटा लावावा लागे, तेवढा वेळच नव्हता. तिने भराभर दोर ओढून लेकीला छातीशी कवटाळलं.

लेक खिदळत होती. खाली सासू सुपारीएवढी दिसत होती.