शेजारच्या सीटचा ब्रेक

“स्टिअरिंग कुठाय?”

ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, पाऊल टाकताच बाबांनी पहिला प्रश्न हाच विचारला. कॅप्टनबाईंनी बोटाने दाखवलं. बशीपेक्षा जेमतेम मोठं काळं चाक. त्यालाही कोणी हात लावलेला नव्हता. सुकाणूवाला हाताची घडी घालून उभा होता आणि जहाज आपलं आपण चाललं होतं.

“एवढंसं? आणि धरलंय कोणी?”

“आत्ता कोणीच नाही, बाबा. यंत्र सांभाळतं.”

“ठमे, म्हणजे तू चालवत नाहीस. चालवून घेतेस.”

अडीच हजार प्रवासी आणि नऊशे कर्मचारी असलेल्या त्या जहाजावर कॅप्टनबाईंना ठमी म्हणणारा हा एकटाच माणूस. फर्स्ट ऑफिसरने खिडकीकडे तोंड करून हसू दाबलं.

बाबांनी अडतीस वर्षं बस चालवली होती. चालवणं म्हणजे दोन्ही हात चाकावर आणि उजवा पाय ब्रेकच्या आसपास. यापलीकडे त्यांची व्याख्या जात नव्हती. दुसऱ्याच्या हातात गाडी असली की त्यांचा जीव टांगणीला लागे. शेजारच्या सीटवर बसूनही ते उजवा पाय खाली दाबत राहत. ठमी मोटार शिकत होती तेव्हा तर त्या बाजूच्या रबरी मॅटला त्यांनी टाचेने भोक पाडलं होतं. अशा वेळी डोळा लागायचं तर नावच नको. एकदा तीन दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासात हे गृहस्थ टक्क जागे राहिले, कारण इंजिन ड्रायव्हर कोण आहे हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

लेकीच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या आल्या, पण बाबांच्या तोंडून ‘बरी चालवतेस’ एवढे दोन शब्द वीस वर्षांत निघाले नव्हते. ते ऐकायचे म्हणूनच बाईंनी त्यांना हट्टाने आणलं होतं. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे धरलेले. “एकदाच हं, पुन्हा बोलवायचं नाही,” असं बजावूनच ते जहाजावर चढले होते.

आणि सहा दिवस त्यांना दिसलं ते भलतंच. कोणीतरी पोहायची चड्डी संडासात टाकून पाणी सोडलं आणि अकरा खोल्यांचे संडास तुंबले. बाई तिथे. तलावाकाठच्या खुर्च्या भल्या सकाळी टॉवेल टाकून अडवल्या म्हणून दोन आजोबा हातघाईवर आले. बाई मधे. एका नवऱ्या मुलीने, मेकअप राहिलाय तर सूर्यास्त वीस मिनिटं पुढे ढकलता येईल का, असं विचारलं. सूर्याशी बोलून बघते, असं बाईंनी गंभीरपणे सांगितलं. बाबा गुडघे चोळत प्रत्येक ठिकाणी मागे हजर.

“तू इकडे भांडणं सोडवतेस, मग तिकडे गाडीवर कोण?” ते कासावीस होऊन विचारत. ड्रायव्हरने सीट सोडलेली त्यांना मुळीच खपत नसे. जेवताना जहाज जरा कललं की त्यांच्या बाजूचा टेबलक्लॉथ हलायचा. खाली ब्रेक लागलेला असायचा. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हे ते रोज सकाळी चहाबरोबर न चुकता सांगत.

शेवटच्या सकाळी बंदर आलं आणि वाराही आला. चांगला आडवा वारा. दोन जहाजांच्या मधे जागा अगदी बेताची होती. बाईंनी बाबांना ब्रिजवर बोलावून मागच्या खुर्चीत बसवलं.

“बाबा, आता यंत्र बंद. आता मी. नीट बघा हं. आणि जहाज धक्क्याला टेकलं की भोंगा तुम्ही वाजवायचा.”

“बघतो ना,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी उजवा पाय जमिनीवर घट्ट रोवला.

बाईंनी दोन आखूड दांड्या हातात धरल्या. वारा त्या सतरा मजली जहाजाला धक्क्यावर लोटायला बघत होता. बाई त्याला थोडं जाऊ देत, मग थोडं अडवत. पाठीमागे खुर्ची करकरली की बाईंना कळे, ब्रेक लागला. पुन्हा करकर, पुन्हा ब्रेक. मग केव्हातरी करकर थांबली. वळून बघायला बाईंना सवड नव्हती. पंचवीस मिनिटांनी जहाज धक्क्याला असं टेकलं की फर्स्ट ऑफिसरच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही.

“वा, मॅडम!” तो म्हणाला.

बाई घामेजल्या चेहऱ्याने, मोठ्या आशेने वळल्या.

बाबा झोपले होते. मान छातीवर, तोंड उघडं, आणि चक्क घोरत होते.

बाईंचा चेहरा एवढासा झाला. वीस वर्षं वाट पाहिली आणि ऐन वेळी हे! त्यांना फार वाईट वाटलं. बाबांना उठवायला त्या पुढे झाल्या, खांद्याकडे हात नेला आणि त्यांची नजर खाली गेली. हात तसाच राहिला. मग त्या डोळे पुसत हसायला लागल्या.

“भोंगा वाजवायचा ना, मॅडम?” फर्स्ट ऑफिसरने विचारलं.

“राहू दे आज.”

“मग यांना उठवू तरी. इतक्या लांब आले आणि त्यांनी काहीच बघितलं नाही.”

बाईंनी ‘शू’ करून त्याला गप्प केलं आणि खाली बोट दाखवलं. खुर्चीशेजारी बाबांचा उजवा बूट नीट काढून ठेवलेला होता, आणि उजवा पाय खुशाल डाव्या पायावर चढला होता.